तारे, तास आणि तपासनीस

अमेरिकेत सुमारे १५,००० शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रे आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांत साधारण १२ लाख माणसे राहत असतात. तिथे त्यांना नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे ही पाटी बहुधा लहान रुग्णालयावर दिसते. ही केंद्रे रुग्णालये नव्हेत. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया रुग्णालयात होते, पण पुन्हा उभे राहणे, आधाराने चार पावले टाकणे, स्वतःच्या हाताने सदरा चढवणे हे या केंद्रांत शिकवले जाते. काही आठवड्यांसाठी येणाऱ्यांचा हा झाला एक वर्ग. त्यांचा खर्च बहुतेक वेळा मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची केंद्रीय विमा योजना उचलते. दुसरा वर्ग परत न जाणाऱ्यांचा. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, पार्किन्सन अशा आजारांमुळे ज्यांना रात्रंदिवस कोणीतरी लागते, असे हे लोक. दहापैकी सुमारे सहा निवाशांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना देते. त्यांतले अनेक जण मुळात गरीब नव्हते. केंद्राची बिले भरता भरता आयुष्यभराची बचत संपली आणि मग ते योजनेला पात्र ठरले.

एकाच इमारतीत राहणाऱ्या या दोघांना एकच माप लावता येत नाही. पहिला किती सावरून घरी गेला आणि महिनाभरात पुन्हा रुग्णालयात तर पोहोचला नाही ना, हे पाहायचे असते. दुसऱ्याच्या बाबतीत पाहायचे ते वेगळे: पाठीची कातडी शाबूत आहे का, वजन घटले का, विनाकारण झोपेत ठेवले जाते का, हाक मारल्यावर किती वेळाने कोणी येते.

दर्जा मोजण्याची जी चौकट आजही वापरली जाते ती डॉ. अव्हेडिस डोनाबेडियन यांची. बैरूतमध्ये जन्मलेल्या आणि मिशिगन विद्यापीठात शिकवणाऱ्या या वैद्याने १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचे मूल्यमापन तीन अंगांनी करावे असे मांडले: रचना, प्रक्रिया आणि फलित. रचना म्हणजे इमारत, माणसे, उपकरणे. प्रक्रिया म्हणजे त्या माणसांनी प्रत्यक्ष काय केले. फलित म्हणजे रुग्णाचे शेवटी काय झाले. यांतली रचना तपासायला सर्वांत सोपी, म्हणून सरकारी यंत्रणा तिच्यापाशीच अडकते. अमेरिकेतही तेच झाले. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड सुरू झाल्यावर या धंद्यात पैशाचा ओघ आला. तपासणी मात्र व्हायची ती जिन्यांच्या रुंदीची, आगीच्या बंदोबस्ताची आणि नियमावलीच्या फायलींची. केंद्राकडे सेवा देण्याची कुवत आहे की नाही एवढे पाहिले जाई. ती सेवा दिली जाते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

तो प्रश्न न्यायालयात विचारला गेला. कोलोराडोतील केंद्रांच्या निवाशांनी केलेल्या ‘स्मिथ विरुद्ध हेकलर’ या खटल्यात १९८४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी पैसा घेणारी केंद्रे खरोखर चांगली सेवा देतात की नाही हे जाणून घेणे ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे. १९८६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने या केंद्रांच्या अवस्थेवर अहवाल दिला आणि डिसेंबर १९८७ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या सहीने शुश्रूषागृह सुधारणा कायदा झाला. निवाशाची शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्थिती शक्य तितकी उत्तम राखणे हे केंद्राचे कर्तव्य ठरले. निवाशाला खुर्चीला किंवा खाटेला बांधून न ठेवण्याचा हक्क मिळाला. त्या काळी सुमारे ४० टक्के निवासी कधी ना कधी बांधले जात, असा अंदाज होता. आज हे प्रमाण एका टक्क्याच्या आत आहे. कायद्याने माणसाचे रोजचे जगणे इतके सरळ बदलल्याचे दुसरे उदाहरण या क्षेत्रात सापडणे कठीण.

या कायद्याने उभी केलेली तपासणी आजही मूल्यमापनाचा कणा आहे. राज्य सरकारचे तपासनीस न कळवता येतात. दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर नसावे आणि राज्याची सरासरी १२ महिन्यांची असावी, असा नियम आहे. पथक अनेक दिवस थांबते. औषधे देताना परिचारिकेच्या शेजारी उभे राहून पाहते, जेवणाच्या वेळी कोणाचे ताट भरलेलेच परत गेले ते टिपते, निवाशांशी आणि नातेवाइकांशी एकांतात बोलते. सापडलेली प्रत्येक त्रुटी ‘२५६७’ क्रमांकाच्या नमुन्यात लिहिली जाते आणि तिला ‘ए’ ते ‘एल’पर्यंतचे एक अक्षर मिळते. इजा किती गंभीर आणि ती एकालाच झाली की अनेकांना, या दोन कसोट्यांवर अक्षर ठरते. ‘जी’पासून पुढे प्रत्यक्ष इजा सुरू होते, ‘जे’, ‘के’, ‘एल’ म्हणजे जिवाला तातडीचा धोका. शिवाय त्रुटीच्या प्रकाराप्रमाणे नियमाचा क्रमांक लिहिला जातो: बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांची, त्रुटी एफ ६८६ खाली, पडण्यासारख्या अपघातांची एफ ६८९ खाली, अत्याचाराची एफ ६०० खाली. हे नमुने कोणालाही वाचता येतात आणि ज्याच्या घरातले माणूस अशा केंद्रात जायचे आहे त्याने दुसरे काही वाचले नाही तरी हे वाचावेत. भाषा कोरडी असते, पण कोणत्या दिवशी किती वाजता कोणाची घंटा किती वेळ वाजत राहिली, इतके बारकाईने लिहिलेले असते.

तपासणीला मर्यादा आहेत. बहुतेक त्रुटींना ‘प्रत्यक्ष इजा नाही’ या गटातले अक्षर मिळते, आणि त्या गटात काय काय बसवले जाते हे पाहिले की कपाळाला आठ्या पडतात. तपासनीसही कमी आहेत. २०२३ मध्ये सिनेटच्या वृद्धविषयक समितीने जाहीर केलेल्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक राज्यांत तपासनीसांची किमान एक पंचमांश पदे रिकामी होती. परिणामी ठरलेल्या मुदतीत तपासणी होत नाही. तरीही या मार्गाचे एक मोल आहे: तपासणारा बाहेरचा असतो.

मूल्यमापनाचा दुसरा स्रोत केंद्राच्या आतून येतो. प्रत्येक निवाशाची ठरावीक साच्यात नोंद करावी लागते. भरती झाल्यावर १४ दिवसांत, पुढे दर तिमाहीला, आणि प्रकृतीत मोठा बदल झाला तर मध्येही. या नोंदसंचाला ‘मिनिमम डेटा सेट’ म्हणतात. स्मरणशक्ती, मनःस्थिती, चालणे, गिळणे, लघवीची नळी, जखमा, औषधे, पडझड असे सगळे त्यात येते. मूळ हेतू उपचाराची आखणी करण्याचा होता आणि त्यासाठी तो उत्तमच आहे. पुढे याच नोंदींवरून मेडिकेअरचे पैसे ठरू लागले आणि २००२ पासून याच नोंदींवरून काढलेले दर्जाचे आकडे देशभर लोकांसमोर येऊ लागले. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, अशी ही व्यवस्था झाली.

त्याचे काय होते, हे पडण्याच्या नोंदींत दिसते. शिकागो विद्यापीठाच्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१५ या काळातली रुग्णालयांची बिले आणि केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. केंद्रात पडून हाड मोडले किंवा डोक्याला मार लागला आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, अशा घटना त्यांनी बिलांवरून शोधल्या. त्यांपैकी जेमतेम ५७.५ टक्के घटना केंद्रांनी नोंदवलेल्या होत्या. म्हणजे जे केंद्र पडल्याची प्रामाणिक नोंद ठेवते ते कागदावर वाईट दिसते आणि जे लपवते ते त्याच्या शेजारी चांगले ठरते.

गोळ्यांची गोष्ट याहून कडवट आहे. बांधून ठेवण्याचे पट्टे गेले, पण आरडाओरडा करणाऱ्या किंवा रात्री फिरणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला शांत ठेवण्याची गरज कर्मचारी कमी असलेल्या केंद्राला उरलीच. तिथे मनोविकारांवरची जहाल औषधे आली. या औषधांनी वृद्ध स्मृतिभ्रंशी रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. त्यामुळे किती निवाशांना ती दिली जातात हा दर्जाचा एक निकष झाला. स्किझोफ्रेनियासारख्या मोजक्या आजारांचे रुग्ण त्या मोजणीतून वगळले गेले, कारण त्यांना ती औषधे लागतातच. मग व्हायचे तेच झाले. २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले की या केंद्रांतील दर नऊ निवाशांमागे एकाच्या कागदावर स्किझोफ्रेनियाचे निदान आहे, सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण दीडशेमागे एक आहे. हा आजार सहसा तरुणपणी सुरू होतो, ऐंशीव्या वर्षी नव्हे. २०२३ पासून सरकारने अशा निदानांची स्वतंत्र छाननी सुरू केली.

तिसरा स्रोत कर्मचाऱ्यांच्या तासांचा, आणि या सगळ्यांत तोच सर्वांत भरवशाचा मानावा लागेल. पूर्वी तपासणीच्या सुमाराच्या दोन आठवड्यांतले कर्मचारी केंद्र स्वतःच लिहून द्यायचे. तपासणी जवळ आली की माणसे वाढायची. २०१६ पासून केंद्रांना पगारपत्रकावर आधारित हजेरी द्यावी लागते आणि २०१८ पासून तिच्यावरूनच गुण दिले जातात. पगाराचे कागद खोटे करणे अवघड, म्हणून लगेच खरे चित्र दिसले: अनेक केंद्रांत आधी सांगितले जात होते त्याहून कर्मचारी कमी, आणि शनिवार-रविवारी तर फारच कमी. आता सुट्टीच्या दिवसांचे तास आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, हेही गुणांत धरतात.

तासांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दिवसभरात सर्व परिचारिका आणि मदतनीस यांनी मिळून केलेले कामाचे तास भागिले निवाशांची संख्या, असे माप असते. २००१ मध्ये सरकारसाठी झालेल्या मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी सुमारे ४.१ तासांच्या खाली काळजीत खोट येते, असे आढळले होते. मे २०२४ मध्ये बायडेन सरकारने जो नियम केला त्यात किमान ३.४८ तास ठेवले, त्यांतले ०.५५ तास नोंदणीकृत परिचारिकेचे आणि २.४५ तास मदतनीसांचे. हे २.४५ तास म्हणजे चोवीस तासांच्या सरासरीने एका मदतनीसामागे जवळजवळ १० माणसे. आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाच्या वाट्याला ४८ मिनिटे, त्यातच अंघोळ, कपडे, शौच, भरवणे, कूस बदलणे आणि नोंद लिहिणे. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला एक वेळचे जेवण नीट भरवायलाच यातला मोठा भाग जातो. एवढाही नियम टिकला नाही. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली. मदतनीसाच्या प्रशिक्षणाची केंद्रीय अट १९८७ पासून ७५ तासांचीच आहे. न्यूयॉर्क राज्यात नखे रंगवण्याच्या परवान्यासाठी २५० तास शिकावे लागते.

या तीन स्रोतांची बेरीज करून डिसेंबर २००८ पासून केंद्रांना एक ते पाच तारे दिले जातात. सुरुवात तपासणीच्या गुणांनी होते. ही तुलना राज्यापुरती असते: राज्यातल्या वरच्या १० टक्के केंद्रांना पाच तारे, तळाच्या २० टक्क्यांना एक, बाकीचे मधल्या तीन पायऱ्यांवर. कर्मचारी आणि दर्जा-निकष यांत केंद्र फार चांगले असेल तर तारा वाढतो, फार वाईट असेल तर घटतो. अत्याचाराची गंभीर नोंद असेल तर २०१९ पासून नावापुढे लाल वर्तुळातला हात दिसतो आणि तपासणीचे तारे दोनवर अडवले जातात. सतत वाईट कामगिरी करणारी सुमारे ८८ केंद्रे ‘विशेष लक्ष’ यादीत ठेवली जातात. त्यांना एकूण तारे दिलेच जात नाहीत.

तारे निरर्थक नाहीत, एक ताऱ्याच्या केंद्रापासून दूर राहावे एवढे ते नक्की सांगतात. पण वरच्या पायऱ्यांवर ते फसवतात. वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड येथील केंद्रात फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाचा अमेरिकेतला पहिला मोठा उद्रेक झाला, तेव्हा त्या केंद्राला पाच तारे होते. आदल्या वर्षीच्या तपासणीत संसर्ग-नियंत्रणातली त्रुटी लिहिलेली होती. ताऱ्यांच्या बेरजेत ती विरून गेली. शिवाय राज्यापुरत्या तुलनेमुळे एका राज्यातले चार तारे दुसऱ्या राज्यातल्या चार ताऱ्यांइतके नसतात. म्हणून एकूण तारे बाजूला ठेवून आधी तपासणीचे, मग तासांचे आणि सर्वांत शेवटी दर्जा-निकषांचे तारे पाहावेत.

मालकीही पाहावी लागते. अतुल गुप्ता, सब्रिना हॉवेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात खासगी गुंतवणूक फंडांनी विकत घेतलेल्या केंद्रांत अल्पकाळासाठी आलेल्या मेडिकेअर रुग्णांचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले दिसले. इमारत एका कंपनीची, व्यवस्थापन दुसरीचे, थेरपी तिसरीची आणि तिन्हींमागे मालक एकच, अशी मांडणी अनेक ठिकाणी असते. भाडे आणि शुल्काच्या रूपाने नफा बाहेर जातो आणि केंद्राच्या ताळेबंदात माणसे वाढवायला पैसे नाहीत असे दिसते.

पुनर्वसनाचा दर्जा मोजणे आणखी नाजूक. २०१९ पर्यंत मेडिकेअर थेरपीच्या मिनिटांवर पैसे देई. आठवड्याला ७२० मिनिटे झाली की सर्वांत वरचा दर मिळे, आणि आश्चर्य असे की असंख्य रुग्णांना ७२० च्या जरा पुढेच थेरपी संपवावीशी वाटे. थकलेल्या, तापलेल्या माणसालाही मिनिटे भरण्यासाठी सायकलवर बसवले जाई. ऑक्टोबर २०१९ पासून पैसे मिनिटांवर न देता रुग्णाच्या स्थितीवर द्यायला सुरुवात झाली आणि अनेक केंद्रांनी थेरपिस्ट कमी केले. मिनिटे म्हणजे दर्जा नव्हे हे खरेच, पण मिनिटेच नसतील तर दर्जा येणार कुठून? म्हणून पाहायचे ते असे: आल्या दिवशी आणि जाताना खाटेवरून खुर्चीत जाणे, शौचालय वापरणे, पायऱ्या चढणे यांत किती फरक पडला, आठवड्याच्या शेवटी थेरपी होते का, घरी चार पायऱ्या असतील तर चार पायऱ्यांचाच सराव करून घेतला जातो का. मेडिकेअर एका आजारपणात जास्तीत जास्त १०० दिवस देते, त्यातले पहिले २० पूर्ण, पुढे रोज रुग्णाचा वाटा. त्यासाठी आधी सलग तीन दिवस रुग्णालयात रीतसर दाखल असावे लागते. ‘निरीक्षणाखाली’ काढलेले दिवस धरत नाहीत. ‘सुधारणा थांबली, आता विमा बंद’ असे सांगण्याची प्रथा होती. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या जिमो खटल्यातील तडजोडीने स्पष्ट केले की आहे ती स्थिती टिकवण्यासाठी किंवा घसरण मंदावण्यासाठी तज्ज्ञ सेवा लागत असेल तरी विमा लागू होतो. अजूनही पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि केंद्रे आपणहून सांगत नाहीत.

काही गोष्टी कोणत्याच नोंदीत नसतात. त्यांसाठी केंद्रात संध्याकाळी सहाच्या पुढे किंवा रविवारी जावे. मंगळवारी सकाळी अकराला सगळीच केंद्रे चांगली असतात. दाराशी लघवीचा वास आहे का यापेक्षा तो तासाभराने गेला का हे महत्त्वाचे. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे का, चष्मा आणि श्रवणयंत्र ज्याचे त्याच्याच अंगावर आहे का, मदतनीस निवाशाला नावाने हाक मारते का. खाटेवर खिळलेल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड स्वतः डोळ्यांनी पाहावे. लाली दाबल्यावर जात नसेल तर तो बेडसोरचा पहिला टप्पा. चौथ्या टप्प्यात हाड दिसते. रुग्णालयातून येतानाच जखम होती की केंद्रात झाली, हे पहिल्या दिवशी लिहून घ्यावे. तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात ‘ऑम्बुड्समन’ असतो. तो निवाशाच्या बाजूने उभा राहतो आणि त्याची सेवा फुकट असते.

मुलांकडे न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना या व्यवस्थेत दोन अडचणी जास्तीच्या येतात. पहिली पैशाची: ग्रीन कार्डावर आलेल्या आणि तिथे कधी नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना सलग पाच वर्षे राहिल्यावरच मेडिकेअर हप्ते भरून घेता येते. दुसरी अडचण मोजणीतलीच आहे. स्मरणशक्तीची चाचणी १५ गुणांची असते. तीन शब्द ऐकून परत म्हणायचे, चालू वर्ष, महिना आणि वार सांगायचा. हे इंग्रजीत विचारले तर शाबूत स्मरणशक्तीची आजीही सात-आठ गुणांवर अडकेल. कार्तिक चालू आहे हे तिचे बरोबर उत्तर चूक धरले जाईल. पुढची औषधे आणि थेरपी त्या गुणांवर ठरते. निवाशाची भाषा कोणती आणि दुभाषा हवा का, हा प्रश्न नोंदसंचात आहे. दुभाषा मागण्याचा हक्कही आहे. घरच्यांनी भाषांतर करण्यापेक्षा तो बोलवावा, कारण मुलासमोर आई दुखणे निम्मेच सांगते.

महाराष्ट्रात या कामाला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू पडतो. त्याची नजर मुख्यतः रुग्णालये आणि प्रसूतिगृहांवर आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. पुण्या-मुंबईत पक्षाघातानंतरच्या रुग्णांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केंद्रे निघत आहेत, पण त्यांचे बेडसोर, पडझड, मृत्यू किंवा कर्मचाऱ्यांचे तास यांची लोकांना पाहता येईल अशी सरकारी यादी नाही. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात वृद्ध-सेवागृहांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती; ते मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. असा कायदा होईतोवर तपासनीसाचे काम कुटुंबालाच करायचे आहे. रंगीत माहितीपत्रकाऐवजी मागच्या महिन्याचे रात्रपाळीचे हजेरीपत्रक मागावे, रात्री दोन वाजता किती खाटांमागे एक मावशी असते ते लेखी घ्यावे, आणि जिथे हे द्यायला टाळाटाळ होते तिथे अनामत रक्कम भरू नये.